नंबर इथला, नेट तिथलं

परदेशी जाताना : लेखांक ६

आत्या गेल्या वर्षी न्यू जर्सीत, एडिसनला लेकीकडे गेली. निघताना तिने फोनमधलं इथलं सिम काढलं, कापसात गुंडाळलं आणि कुंकवाच्या डबीत ठेवून डबी पर्समध्ये टाकली. तिथे पोचल्यावर जावयाने नवं सिम घालून दिलं. तीन महिने सगळं सुरळीत चाललं. चौथ्या महिन्यात साताऱ्याच्या बँकेतली मुदत ठेव पुढे चालवायची वेळ आली, बँकेने ओटीपी पाठवला, आणि डबीतलं सिम फोनमध्ये घालून सगळे वाट पाहत बसले. रेंज आलीच नाही. रिचार्ज संपला होता, सिम कित्येक दिवस वापरात नव्हतं, कंपनीने नंबर बंद केला होता. बँक, आधार, गॅसचं बुकिंग, पेन्शन, सगळं त्या एका नंबराला बांधलेलं. परत आल्यावर आत्याने आधार केंद्रापासून सुरुवात करून एकेका ठिकाणी रांगा लावल्या. जुना नंबर मात्र तिला परत मिळाला नाही.

मागच्या आठवड्यात औषधांच्या चिठ्ठ्यांबद्दल लिहिलं, तेव्हाच ठरवलं होतं की फोनचा लेख आत्याच्या डबीपासून सुरू करायचा. कारण परदेशात फोन स्वस्तात कसा चालवायचा हा प्रश्न बहुतेक जण चुकीच्या टोकाने धरतात. पहिला प्रश्न असतो, ‘तिथलं कुठलं सिम घेऊ?’ त्याआधी विचारायला हवं, ‘इथल्या सिमचं काय करू?’ आपला फोन दोन कामं करतो. एक, तो आपली ओळख आहे: बँकेचा एसएमएस ज्या नंबरावर येतो तो नंबर. दुसरं, तो आपलं नेट आहे: नकाशा, व्हॉट्सॲप, नातवाचा व्हिडिओ कॉल. इथे असताना ही दोन्ही कामं एकच सिम करतं, म्हणून ती वेगळी आहेत हे लक्षात येत नाही. परदेशात ती वेगळी केली की खर्च एकदम उतरतो. ओळख इथल्या सिमवर ठेवायची, नेट तिथलं घ्यायचं.

हे कसं जमतं ते कळण्यासाठी रोमिंगची आतली गोष्ट थोडी समजून घेऊ. प्रत्येक सिममध्ये एक पंधरा आकडी ओळख असते. तिचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे ४०४ आणि ४०५. फ्रँकफर्टला उतरून तुम्ही फोन चालू केला की तिथला टॉवर हे आकडे वाचतो, हा पाहुणा भारतातला आहे हे ओळखतो आणि तुमच्या इथल्या कंपनीला विचारतो, ‘हा तुमचाच ना? याला सेवा देऊ का?’ इथून होकार गेला की फोनवर तिथल्या कंपनीचं नाव झळकतं, आणि तुम्ही सध्या कुठे आहात याची नोंद इथल्या कंपनीकडे होते.

आता पुण्याहून कुणी तुम्हाला फोन लावला, तर तो कॉल आधी तुमच्या इथल्या कंपनीकडे येतो आणि तिथून जर्मनीकडे वळवला जातो. लावणाऱ्याला तुम्ही कुठे आहात हे ठाऊक नसतं, त्याला पैसे स्थानिक कॉलचेच पडतात. पुढच्या अर्ध्या वाटेचा खर्च तुमच्या माथी येतो. म्हणून परदेशात नुसता आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जातात. ‘मी तर कुणाला फोन केलाच नाही’ ही बिल आल्यावरची तक्रार इथूनच निघते. इंटरनेटचं तर त्याहून अवघड. रोमिंग पॅक नसताना डेटा चालू राहिला, तर दर इतका चढा लागतो की आपण झोपलेलो असताना फोनने गुपचूप केलेला फोटोंचा बॅकअपसुद्धा महागात पडतो.

एसएमएसची वाट मात्र वेगळी आहे. तो इंटरनेटवरून येत नाही. फोन आणि टॉवर यांच्यात निरोपांची जी देवाणघेवाण चालू असते, तिच्यातूनच तो येतो. त्यामुळे इथल्या सिमचा डेटा बंद ठेवला तरी ओटीपी येऊ शकतो, आणि आलेल्या एसएमएसला आपल्याकडच्या कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत. अट एकच: त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असलं पाहिजे. निघण्यापूर्वी कंपनीच्या दुकानात जाऊन स्पष्ट विचारा, ‘मला तिथे फक्त एसएमएस घ्यायचेत. त्यासाठी रोमिंग सुरू करावं लागेल का, किमान किती भरावं लागेल?’ प्रीपेडवाल्यांनी तर विचारायलाच हवं, कारण काही योजनांत पॅक मारल्याशिवाय परदेशात सिमला नेटवर्कच मिळत नाही.

आठ-दहा दिवसांच्या सहलीला इथल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा, असं माझं मत आहे. थोडा महाग पडतो, पण विमानतळावर सिमच्या रांगेत उभं राहावं लागत नाही आणि नंबर तोच राहतो. पॅकमध्ये तुमच्या सगळ्या देशांची नावं आहेत ना, एवढं तेवढं यादीत बघून घ्या.

लेकीच्या बाळंतपणाला, नातवाच्या मुंजीला किंवा नुसतंच राहायला म्हणून चार-सहा महिने जाणाऱ्यांचा हिशोब वेगळा. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर उतरलं की साधारण सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. इथे प्रीपेड सिमचा सलग नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की आत्याचं काय झालं ते लगेच कळतं. टेलिकॉम नियामकाच्या, म्हणजे ट्रायच्या नियमांत नंबर राखण्याची एक सोय आहे: खात्यात किमान वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून घेऊन नंबर पुढे चालू ठेवला जातो. पण नंबर टिकणं आणि त्यावर एसएमएस येणं या दोन गोष्टी आहेत. रिचार्जची मुदत संपली की आधी जाणारे फोन थांबतात, मग येणारे. त्या नंबराचा बँकेच्या कामाला काही उपयोग राहत नाही.

म्हणून लांबच्या मुक्कामाला जाताना मुदत पुरेल असा रिचार्ज आधीच मारून निघा. पूर्वी यात एक अडचण होती. लांब मुदतीचा प्लॅन घ्यायचा तर त्यासोबत रोज इतके जीबी डेटा गळ्यात पडायचा, आणि अमेरिकेत बसलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नसायचा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे रिचार्ज ठेवणं बंधनकारक केलं, आणि अशा रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असायला परवानगी दिली. हा निर्णय मुख्यतः साधा फोन वापरणाऱ्या गावाकडच्या ज्येष्ठांसाठी होता. पण एडिसन किंवा सनीव्हेलला सहा महिने काढणाऱ्या आजी-आजोबांना तो तितकाच लाखमोलाचा आहे. दुकानदार स्वतःहून असा रिचार्ज पुढे करेलच असं नाही, तुम्ही नाव घेऊन मागा.

आणि सिम फोनमध्येच असू द्या. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये दोन सिमची सोय असते. सेटिंगमध्ये जाऊन डेटासाठी तिथलं सिम निवडा आणि इथल्या सिमचं डेटा रोमिंग बंद करा. एक सिम अडलं की आपोआप दुसऱ्याचा डेटा घ्यायची जी सोय काही फोनमध्ये असते, तीही बंद करा, कारण तिथूनच पैसे झिरपतात. नवं सिम घातल्यावर व्हॉट्सॲप विचारेल, ‘नंबर बदलायचा का?’ नाही म्हणा. जुन्या नंबरावरचं व्हॉट्सॲप तिथल्या नेटवर छान चालतं.

पैसे देण्याच्या ॲपबाबत आणखी एक सांगायला हवं, कारण ही चूक शिकलेली माणसंही करतात. यूपीआयची ॲप सुरू करताना तुमच्याच सिमवरून एक एसएमएस पाठवून खात्री करून घेतात. म्हणजे इथे एसएमएस येऊन भागत नाही, तुमच्या फोनवरून तो जावाही लागतो. तिथे जाऊन लेकाने हौसेने नवा फोन घेऊन दिला आणि ॲप त्यात नव्याने टाकायला गेलं की गाडी इथेच अडते. नवा फोन घ्यायचाच असेल तर निघण्याच्या महिनाभर आधी घ्या आणि सगळी ॲप इथेच लावून, चालवून बघा.

फोनचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेची एक खास गोष्ट. एटी अँड टी आणि व्हेरायझन या तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये आपलं थ्रीजी नेटवर्क बंद केलं. आता बोलणंही फोरजीवरूनच होतं, आणि त्यासाठी तुमचा हँडसेट त्या कंपनीला चालणारा असावा लागतो. भारतात घेतलेल्या काही फोनवर तिथे नेट चालतं पण साधा कॉल लागत नाही, तो यामुळे. *#०६# दाबलं की फोनचा पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. तो मुलाला पाठवा. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर तो टाकून फोन चालेल की नाही हे आधीच कळतं.

आता ई-सिम. यात प्लास्टिकचा तुकडा नसतो. घरबसल्या पैसे भरायचे, क्यूआर कोड स्कॅन करायचा, सिम फोनमध्ये उतरतं. २०१८ पासून आयफोनमध्ये ही सोय आली, आणि २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनना सिमची खाचच नाही. प्रवाशांसाठी ई-सिम स्वस्त आणि सुटसुटीत असतं. मात्र ते उतरवायला इंटरनेट लागतं, म्हणून घरच्या वायफायवरच उरकून घ्या. मुदत स्कॅन केल्यापासून मोजतात की परदेशी टॉवर पकडल्यापासून, हे विकत घेतानाच वाचा. एकदा उतरवलेलं ई-सिम चुकून पुसलं तर अनेकदा तोच कोड पुन्हा चालत नाही. आणि प्रवासी ई-सिम बहुधा फक्त डेटाचं असतं, त्याला स्वतःचा नंबर नसतो. डॉक्टरची वेळ घ्यायची, टॅक्सीवाल्याने फोन करायचा, अशा कामांना स्थानिक नंबर लागतो. महिनाभराहून जास्त राहणार असाल तर तिथलं नंबरासकट प्रीपेड सिमच घ्या, किंवा मुलांच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवून घ्या. ती बहुधा सर्वांत स्वस्त पडते.

युरोपात १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या देशांमध्ये रोमिंगचा जादा आकार रद्द झाला. पॅरिसला घेतलेलं सिम रोमला, प्रागला, ॲमस्टरडॅमला सहसा त्याच पैशांत चालतं, डेटाला थोडी मर्यादा असते इतकंच. नॉर्वे आणि आइसलँड संघात नाहीत, तरी या व्यवस्थेत आहेत. स्वित्झर्लंड मात्र त्यात नाही. आणि आपल्याकडच्या युरोप टूरमध्ये तर स्वित्झर्लंड हमखास असतं! युंगफ्राउच्या बर्फात उभं राहून घरी व्हिडिओ कॉल करण्याचा आनंद मोठा असतो. तो निर्धास्त घ्यायचा असेल तर सिम घेताना त्या देशाचं नाव यादीत शोधा. ब्रिटनचंही तसंच, ते संघातून बाहेर पडल्यापासून या नियमाखाली येत नाही.

नायगाऱ्याला आणखी गंमत होते. धबधब्याच्या अमेरिकी काठावर उभे असता आणि फोन नदीपलीकडचा कॅनडाचा टॉवर पकडतो. पाऊल न टाकता देश बदलतो. तिथलं सिम कॅनडात चालणारं नसेल तर तेवढ्या वेळापुरतं रोमिंग बंद करा. अलास्काच्या किंवा भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर तर हे कटाक्षाने पाळा. किनारा दूर गेला की फोन जहाजाचंच नेटवर्क पकडतो. ते उपग्रहावरून चालतं आणि जमिनीवरच्या बहुतेक पॅकमध्ये धरलेलं नसतं. बंदर सुटलं की एअरप्लेन मोड लावायचा, बोलायचं असेल तर जहाजाचं वायफाय विकत घ्यायचं.

काही देशांत अडचण पैशांची नसते, बंदीची असते. दुबईत व्हॉट्सॲपवर निरोप जातात, पण त्यावरून बोलणं वर्षानुवर्षं अडवलेलं आहे. तिथली माणसं बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात, तेव्हा घरच्यांच्या फोनमध्येही तेच टाकून ठेवा. चीनमध्ये गुगल आणि व्हॉट्सॲप दोन्ही चालत नाहीत. ग्वांगझूच्या व्यापारी जत्रेला जाणाऱ्या उद्योजकांनी तिथलं सिम घेतलं तर ते या बंदीच्या भिंतीआड अडकतात. इथल्या सिमचं रोमिंग मात्र सहसा चालतं, कारण रोमिंगचा डेटा आधी आपल्या कंपनीच्या यंत्रणेत येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. एरवी मी ज्या रोमिंगपासून सावध करतो, ते चीनसाठी मात्र घ्याच म्हणेन.

निघण्याच्या आदल्या रात्री जाण्याच्या शहराचा नकाशा वायफायवर उतरवून घ्या. व्हॉट्सॲपमध्ये फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवरच्या सुप्रभातांत तुमचा परदेशी डेटा संपेल. नुसत्या बोलण्याला नेट फार लागत नाही, मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी. जातं ते व्हिडिओला.

आणि एक कागद करा. त्यावर लेकीचा किंवा लेकाचा नंबर देशाच्या कोडसकट, म्हणजे +१ किंवा +४४ लावून लिहा, खाली घरचा पत्ता इंग्रजीत लिहा. अमेरिकेसाठी ९११, युरोपसाठी ११२, ऑस्ट्रेलियासाठी ००० हे तातडीचे नंबरही लिहा. आत्या परवा पुन्हा एडिसनला गेली. या वेळी सिम फोनमध्येच आहे, वर्षाचा रिचार्ज मारलेला आहे, आणि कुंकवाच्या डबीत हा कागद आहे, चार घड्या घातलेला.