शाळेतील संगणक : अभ्यासपूर्ण लेख कसे शोधावेत?

गेल्या महिन्यात विश्वस्त मंडळाच्या बैठकीत सूचना आली, की सहावी-सातवीच्या गणिताचे आठवड्यातील दोन तास संगणक कक्षात घ्यावेत. "यावर कुठे अभ्यास झाला आहे का?" असे एका पालकांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधताना जे शिकले, ते येथे देत आहे.

नेहमीच्या गूगलवर शोधले तर संगणक विकणाऱ्यांचीच पाने पुढे येतात. म्हणून २००४ साली सुरू झालेले गूगल स्कॉलर उघडावे. शिक्षणापुरतेच पाहायचे असेल तर अमेरिकेच्या शिक्षण विभागाचा 'एरिक' हा संग्रह अधिक सोयीचा. तेथे तज्ज्ञांनी तपासलेले आणि पूर्ण वाचायला मिळणारे लेख वेगळे काढता येतात. आपल्याकडील पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर आहेत, त्यांत हिंदीतलेही आहेत. हे सर्व विनामूल्य आहे.

खरी अडचण शब्दांची. मी आधी 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' असे टाकले, तर नेटवर्क आणि सर्व्हरचे लेख आले! वर्ग हाताळणे, म्हणजे मुलांना बसवणे, पाळ्या लावणे, गडबड आवरणे, याला शिक्षणशास्त्रात 'क्लासरूम मॅनेजमेंट' म्हणतात. संगणकाच्या साहाय्याने शिकवणे म्हणजे 'कॉम्प्युटर असिस्टेड इन्स्ट्रक्शन'. हे शब्द इंग्रजीत, अवतरणचिन्हांत टाकावेत आणि सोबत 'इंडिया' लिहावे. हे मला नववीच्या मुलींनी दाखवले.

अशा शोधात बडोद्याचाच लेख हाती लागला. आपल्यापैकी कितीतरी घरांचे नातेवाईक तिथे आहेत, म्हणून उत्सुकतेने वाचला. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडन यांचा हा लेख २००७ साली प्रसिद्ध झाला. तेथील नगरपालिकेच्या शाळांत चौथीची मुले एका संगणकावर दोघे-दोघे बसून, आठवड्यात दोन तास गणिताचे खेळ खेळत. एक तास शाळेच्या वेळेत, दुसरा शाळेआधी किंवा नंतर. गणितात चांगली प्रगती झाली, मात्र कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तिचा बराच भाग ओसरला.

लिंडन यांचे नाव टाकून पुढे शोधले, तर गुजरातमधल्याच 'ज्ञानशाळा' वर्गांवरील त्यांचा २००८ चा अभ्यास मिळाला. तेथे शिक्षकांचा तास काढून त्या जागी संगणक दिला तेव्हा मुले मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर जादा दिला तेव्हा पुढे गेली, विशेषतः कच्ची मुले. संगणक तेच, फरक वेळापत्रकाचा. आपल्यापुढचा प्रश्न नेमका हाच आहे.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे तीस-चाळीस पानांचे इंग्रजी पाहून धडकी भरते. पण आधी फक्त सारांश वाचावा, मग मुले किती होती आणि कोणत्या इयत्तेची ते पाहावे, शेवटी निष्कर्ष. आकडेमोडीचे तक्ते मी सरळ सोडून दिले. लेखासाठी पैसे मागितले तर भरू नयेत. स्कॉलरमध्ये लेखाखाली 'ऑल व्हर्जन्स' असते, तिथे पुष्कळदा फुकट प्रत सापडते. 'सायटेड बाय'वर टिचकी मारली की त्या लेखाचा आधार घेणारे नंतरचे लेख दिसतात.

दोन्ही लेखांच्या छापील प्रती आणि मी हिंदीत केलेली टिपणे कार्यालयात ठेवली आहेत. विश्वस्तांनी पुढील बैठकीपूर्वी ती जरूर पाहावीत. माझे मत विचाराल तर गणिताचे तास आहेत तसेच राहावेत आणि संगणक कक्ष शाळा सुटल्यावर तासभर उघडा ठेवावा. त्यासाठी एका शिक्षकांना रोज थांबावे लागेल, त्यांच्या मानधनाची सोय मात्र मंडळाने करायला हवी.