एक कॉलम, आठ सेंटिमीटर

भाचीला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवताना मी एका अस्वलापाशी अडकलो. पोट पुढे, हनुवटी वर, उगाच एक पाय हलवत बसलेलं. आमच्या जिल्ह्याच्या दैनिकातल्या व्यंगचित्रात साखर कारखान्याचे चेअरमन अगदी अस्सेच बसतात. चित्रकार एकच निघाले. कोल्हापुरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी त्यांचं घर गाठलं.

"एक कॉलम, आठ सेंटिमीटर," अण्णा म्हणाले. "एवढाच आपला सातबारा."

दुपारी बातम्या चाळायच्या, विषय धरायचा, सहापर्यंत चित्र पाठवायचं. त्या दिवशीचा विषय थकलेलं ऊसबिल. पेन्सिलीचं कच्चं काम भराभर उरकलं. मग टाक चायना इंकमध्ये बुडाला आणि अण्णा बोलता बोलता गप्प झाले. खोलीभर कापरासारखा उग्र वास. चेअरमनच्या पोटाची रेघ त्यांनी एका दमात ओढली. मनगट टेकलेलं नाही, हात खांद्यातून फिरतोय. दाब दिला की टाकाचं टोक फाकतं, रेघ जाडावते. सोडला की केसाएवढी होते. हुकली, तर पांढरा रंग लावत नाहीत, कागदच बदलतात. ते पोट बघण्याच्या नादात त्यांचं निम्मं बोलणं माझ्या कानावरून गेलं.

८ सेंटिमीटरात मागचा देखावा मावत नाही, म्हणून माणसाचा सगळा स्वभाव त्याच्या बसण्याउठण्यात ओतायचा. पुस्तकात उलट, जागाच जागा. पण पानं २४, आणि अस्वलाच्या छातीवरचा पांढरा पट्टा प्रत्येक पानावर तोच हवा. शिवाय जोडपानावर चेहरा मध्यावर काढायचा नाही. पिना मारलेल्या पुस्तकात अगदी मधलं जोडपान सोडलं, तर समोरासमोरची पानं छापताना शेजारी नसतात. घडी जरा सरकली की नाक दुभंगतं.

व्यंगचित्रकारानं मुलांच्या पुस्तकांकडे वळणं नवं नाही. दिल्लीत शंकर पिल्ले यांनी 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक चालवता चालवता १९५७ साली मुलांसाठी चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट काढला होता. अण्णांचे गुरू मात्र जवळचे, निपाणीकडच्या भोजचे हास्यचित्रकार शि. द. फडणीस. शाळेत असताना गणिताच्या पुस्तकातली त्यांची चित्रं अण्णांनी वहीत उतरवून काढली. गणितं राहिली ती राहिलीच.

पुस्तकाचे पैसे एकदाच मिळतात आणि नाव शेवटच्या पानावर, बारीक टायपात. अण्णांना त्याचं काही नाही, मलाच चीड आली. माझ्या मते त्यांचा खरा हात त्या अस्वलात दिसतो. त्यांना स्वतःला विचाराल, तर ते पेपरचंच नाव घेतील.

साडेपाचला उपसंपादकाचा फोन आला.

"अण्णा, जाहिरात आलीय. आठाचं पाच करता का?"

"पाचात चेअरमन बसतील ओ, खुर्ची नाही बसायची!"

फोन ठेवून त्यांनी झालेला कागद बाजूला सारला. नव्या कागदावर चेअरमन आडवे झाले, पोटासकट, ऊसबिलांचा गठ्ठा उशाला घेऊन. पहिल्यापेक्षा हेच चित्र झकास होतं.