भविष्यातून आलेल्या बाईचा आवाज

पहाटे 5.40
डोंबिवली पूर्व. ताईंनी गॅसवर दोन पातेली चढवली आहेत. एकात चहा, दुसऱ्यात ज्येष्ठमधाची काडी टाकलेलं पाणी. हे पाणी थर्मासमध्ये भरायचं आणि दिवसभर घोट-घोट प्यायचं. उठल्यावर पहिला तासभर त्या मोठ्यानं बोलत नाहीत. मुलीला उठवतात तीही खांद्याला हात लावून. "गळा तापायच्या आधी ओरडलं की दुपारी तो बसलाच म्हणून समजा," त्या सांगतात.

ताईंचं वय शेहेचाळीस. कॉलेजात एकांकिका केल्या, राज्य नाट्य स्पर्धा केली, मग हिंदी डबिंगमध्ये आल्या आणि तिथेच राहिल्या. आज एका अमेरिकन मारधाडपटाचा तिसरा भाग आहे. स्वस्तातला. भविष्यातून एक सैनिक बाई आपल्या काळात येते आणि तिच्यामागे यंत्रमाणसं लागतात. सिनेमाचं नाव लिहायचं नाही, असं करारात आहे. हिंदीत तो एखाद्या दुपारी टीव्हीवर लागेल, मग यूट्यूबवर जाईल.

सकाळी 7.12
फास्ट लोकल, लेडीज डबा. पाठीला पाठ लागलेली. ताईंच्या एका हातात कडी, दुसऱ्यात मोबाइल. मोबाइलवर स्क्रिप्ट, रोमन लिपीतलं हिंदी. ओठ हलताहेत, आवाज नाही. शेजारची बाई एकदा बघते आणि पुन्हा खिडकीकडे वळते. तिला वाटलं असेल स्तोत्र चाललंय.

घाटकोपरला उतरून मेट्रो. वर्सोव्यापर्यंत चाळीस रुपये, परतीचे चाळीस. लोकलचा पास आहे, तो वेगळा.

सकाळी 8.55
अंधेरी पश्चिम. तळमजल्यावरचे दोन गाळे जोडून केलेला स्टुडिओ. बाहेर पाटी नाही. कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून ताई एक हिरवं सफरचंद घेतात, पंचेचाळीस रुपये. हे खाण्यासाठी कमी, कामासाठी जास्त. तोंड कोरडं पडलं की जिभेचा चिकट टकटक आवाज येतो आणि माइक तो सोडत नाही. आंबट सफरचंदाचा एक तुकडा चावला की तो जातो. डबिंगवाल्या बहुतेकांच्या पिशवीत हे सापडतं.

आत जाताना चपला बाहेर. बांगड्या, कानातलं, घड्याळ काढून पर्समध्ये. कुर्ता सुती, कारण सिंथेटिक कापड हात हलवला की सळसळतं.

सकाळी 9.20
रेकॉर्डिस्ट लातूरचा मुलगा आहे, चोविशीतला. "ताई, लेव्हल द्या." ताई माइकसमोर उभ्या राहतात. मध्ये जाळीचा गोल पॉप फिल्टर. कानाला हेडफोन, एका कानावरून किंचित सरकवलेला. एका कानात मूळ इंग्रजी आवाज, त्याला इथे पायलट म्हणतात. दुसऱ्या कानाला स्वतःचा आवाज.

समोर टीव्ही. वरच्या कोपऱ्यात टाइमकोड पळतोय: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. सेकंदाला चोवीस फ्रेम. सिनेमा लूपमध्ये तोडलेला असतो. लूप म्हणजे एक तुकडा. कधी अख्खं वाक्य, कधी नुसता एक श्वास. नायिकेचे लूप तीनशेच्या वर आहेत आणि ते आज एका दिवसात संपवायचे आहेत.

सकाळी 10.05
पहिले साधे संवाद. नायिका एका पेट्रोल पंपावर उभी राहून साल विचारते. यंत्र दिसत नाही, भविष्यातलं शहरही दिसत नाही. पांढरा झोत येतो, धूर होतो, आणि बाई वाळवंटातल्या रस्त्यावर उभी असते.

डबिंग दिग्दर्शक पस्तिशीचा आहे, अकोल्याचा. काचेपलीकडून बोलतो. "ताई, ती 'मूव्ह' म्हणते तिथे 'हटो' लिहिलंय. ओठ मिटतात तिथे. 'भागो' करूया?" ताई मान डोलावतात. 'मूव्ह'च्या म ला ओठ मिटतात, 'भागो'च्या भ लाही मिटतात. क्लोजअप आहे, चुकलं तर दिसेल. रेकॉर्डिस्ट लूप मागे नेतो.

"भागो!"

"तीन फ्रेम लवकर आलात." तो माउसनं आवाज तीन फ्रेम पुढे ओढू शकतो, आणि ओढतोही. पण ताई म्हणतात, "थांब, पुन्हा देते." ओढलेला आवाज बसतो, पण त्याच्या आधीचा श्वास चुकीच्या जागी जातो. दुसऱ्या टेकला बसतं. हा सिनेमा कोणी एवढ्या बारकाईनं बघणार नाही, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत आहे. तरी पुन्हा दिला. मला या माणसांबद्दल लिहावंसं वाटलं ते यासाठी.

सकाळी 11.40
कटिंग. बारा रुपयांचा एक. रेकॉर्डिस्ट, दिग्दर्शक आणि मी, तिघांचे छत्तीस, दिग्दर्शकानं दिले. ताई कामाच्या वेळी चहा घेत नाहीत, दुधानं घशात कफ धरतो असं त्या म्हणतात. थर्मासमधलं पाणी.

दुपारी 12.10
आता फ्लॅशबॅक. तिसऱ्या भागात दुसऱ्या भागातले प्रसंग सढळ हातानं घातलेत. या जातीच्या सिनेमांत हे चालतंच. अल्बर्ट प्यूनच्या 'नेमेसिस' मालिकेतला 1996चा तिसरा भाग पाहिलेल्यांना आठवेल, त्यात 1995च्या दुसऱ्या भागातलं चित्रण भरपूर वापरलंय. दोन्ही भाग एकत्रच चित्रित केले होते. एकदा कॅमेरा लावला की दोन सिनेमे.

इथली अडचण वेगळी आहे. दुसऱ्या भागाचं हिंदी डबिंग दुसरीकडे, दुसऱ्या बाईनं केलं होतं. तो ट्रॅक मिळत नाही. म्हणजे जुने प्रसंगही ताईंनी पुन्हा बोलायचे. त्यातल्या काहींचा एम अँड ई ट्रॅकही नाही. संगीत आणि इतर आवाजांचा हा वेगळा ट्रॅक असला की फक्त संवाद बदलायचे असतात. नसला तर पावलं, दारं, गोळ्या, सगळं नव्यानं भरावं लागतं. ते काम रात्री रेकॉर्डिस्ट करेल. त्याला महिन्याचा पगार आहे, रात्रीचे वेगळे पैसे नाहीत.

दुपारी 1.30
जेवण. ताईंच्या डब्यात पोळी, दुधीची भाजी, वरण. तिखट नाही. दिग्दर्शकानं वडापाव मागवलाय.

तो या सिनेमांवर जीव टाकून बोलतो. शाळेत असताना व्हीसीडी भाड्यानं आणून बघायचा, रात्रीचे दहा रुपये. "ताई, कालप्रवास का घेतात माहितीये? स्वस्त पडतो. भविष्य बांधायला पैसे लागतात. माणूस भविष्यातून इकडे आला की रस्ता फुकट, गाड्या फुकट, कपडे तुमचे-आमचे."

तो खरं बोलतोय. जेम्स कॅमेरॉनचा पहिला 'टर्मिनेटर', 1984चा, साधारण 64 लाख डॉलरमध्ये झाला. त्याचा बहुतेक भाग त्या वेळच्या लॉस एंजेलिसमध्ये, रात्री घडतो. चार्ल्स बँडच्या 'ट्रान्सर्स'नं आणखी काटकसर केली. 2247 सालचा पोलीस 1985मध्ये येतो, पण शरीरानं येत नाही. त्याचं मन त्याच्या पूर्वजाच्या अंगात उतरतं. यंत्र नको, प्रवास नको. त्याच्याकडे एक मनगटी घड्याळ आहे, ते एका सेकंदाचे दहा सेकंद करतं. एका घड्याळात अख्खा चमत्कार. त्याचे पुढचे भाग 1991 आणि 1992 मध्ये आले, आणि चौथा-पाचवा रोमानियात जाऊन एकाच दमात केला. तिथे नायक तलवारींच्या दुनियेत जाऊन पडतो.

मला ही कल्पकता मनापासून आवडते. पैसा नसला की गोष्ट सांगणाऱ्याला डोकं चालवावं लागतं, आणि या लोकांनी ते चालवलं.

"नायक बदलला तरी चालतो," दिग्दर्शक सांगतो. 'टाइमकॉप'मध्ये 1994ला व्हॅन डॅम होता. 2003च्या दुसऱ्या भागात जेसन स्कॉट ली आला, गोष्ट पुढे चालू.

ताई डब्याचं झाकण लावतात. "आवाजही बदलतात रे."

दुपारी 2.25
आजचा सगळ्यात अवघड प्रसंग. नायिका वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःला भेटते. चित्रात युक्ती सोपी आहे. एकदा पुढून नटी, पाठमोरी दुसरी कोणीतरी, मग उलट. एकाच नटीच्या पैशात दोन पात्रं. पण पायलटमध्ये दोघींचा आवाज सारखाच आहे आणि दिग्दर्शकाला हिंदीत तसं नको. डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही कळलं पाहिजे, कोण कोणत्या वयाची.

ताई आधी मोठी करतात. पाय किंचित फाकलेले, हनुवटी खाली, आवाज छातीतून. शब्दाच्या शेवटी जरासा सोडून दिलेला. मग तरुण. आता टाचा उचललेल्या, मान पुढे, आवाज नाकाच्या मुळाशी आणलेला. वाक्य संपायच्या आधीच पुढच्या वाक्यासाठी श्वास घेतलेला. मी काचेतून बघतोय. चेहरासुद्धा बदलतो. आधी मोठीचे सगळे लूप सलग घेतात, मग तरुणीचे, म्हणजे गळा एका जागी राहतो. नंतर रेकॉर्डिस्ट दोन्ही ट्रॅक एकत्र लावतो आणि त्या एकमेकींशी भांडू लागतात. रेकॉर्डिस्ट मागे वळून बघतो. "ताई, भारी."

मग ताई हेडफोन गळ्यात घेतात आणि सरळ विचारतात, "हे दोन कॅरेक्टर झाले ना रे?"

"एकच आहे ताई. फक्त वय वेगळं."

"आवाज दोन लागले."

नायिकेचे आठ हजार ठरलेत, एकरकमी. दिग्दर्शक बाहेर जाऊन फोन करतो. दहा मिनिटांनी येतो. "दीड हजार वाढवतायत." ताई हो म्हणतात. दोन पात्रांचा दर याहून जास्त होतो, हे त्यांना ठाऊक आहे आणि त्यालाही. काम पुढे चालू.

दुपारी 4.15
एफर्ट्स. म्हणजे शब्द नसलेलं सगळं: धाप, कण्हणं, उडी, मार. हे मुद्दाम शेवटी ठेवतात, कारण यानंतर गळा संवादाच्या कामाचा राहत नाही.

रेकॉर्डिस्ट एसी बंद करतो. धापेच्या मागे त्याची घरघर येते. खोली बघता-बघता तापते. ताईंच्या पायाखाली दुमडलेली सतरंजी घालतात. जागच्या जागी पळायचं, पण पावलं वाजता कामा नयेत.

मार देणं आणि मार खाणं वेगळं असतं. ठोसा मारताना हवा बाहेर फेकायची, पोट आत. ठोसा खाताना हवा अर्ध्यात तुटली पाहिजे. ताई स्वतःच्या पोटावर मूठ दाबून ठेवतात आणि ती आत ढकलतात, तेव्हा तो तुटलेला आवाज येतो. उंचावरून पडताना आधी आवाज वर चढतो, मग क्षणभर काहीच नाही, मग जमिनीवर आदळल्यावर उरलेली सगळी हवा एकदम. मधला तो कोरा क्षण चुकला की पडणं खोटं वाटतं.

मग ते आगमन. पांढरा झोत, धूर आणि काळ ओलांडून आलेली बाई. निर्मात्यांनी चित्रात फारसं काही दिलेलं नाही. पायलटमध्ये नुसता एक उसासा आहे. दिग्दर्शक म्हणतो, "ताई, हे तुमच्यावर आहे."

ताई वाकतात. हात गुडघ्यांवर. सगळा श्वास सोडतात, पूर्ण रिकाम्या होईपर्यंत. थांबतात. मान लाल होते. मग एकदम हवा आत, घशाला घासत, खोकला, दुसरा श्वास लहान, तिसरा त्याहून लहान, आणि चौथा नेहमीचा. टेक संपल्यावर त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहतात. चक्कर आलेली असते.

रेकॉर्डिस्ट चित्रासकट लावतो. तोच झोत, तोच धूर. पण आता ती बाई खरंच कुठूनतरी आलीय.

संध्याकाळी 6.10
क्राउड. बाजारातल्या पळापळीचे आवाज द्यायला चार मुलंमुली आलीत. शिफ्टचे सातशे. त्यातली एक दिग्रसहून आलेली, मुंबईत तिसरा महिना. ती किंचाळते आणि लगेच खोकू लागते. ताई तिला बाहेर नेतात, उरलेलं अर्धं सफरचंद देतात. "घशातून नको ग. पोटातून. आणि आधी जांभई दे." मुलगी जांभई देते. दुसऱ्या वेळी किंकाळी मोकळी येते.

ताईंचं काम खरं तर संपलंय. त्या क्राउडमध्येही उभ्या राहतात, कारण चार आवाजांची गर्दी विरळ वाटते. याचे पैसे नाहीत.

संध्याकाळी 7.35
परतीची मेट्रो, मग लोकल. ताई बोलत नाहीत. मुलीला मेसेज टाइप करतात: कुकर लाव.

रात्री 9.50
जेवण झालं. मिठाच्या गुळण्या झाल्या. ताई मोबाइलवर बिल बनवतात. कामाचं वर्णन: हिंदी डबिंग, नायिका, दोन वयं. रक्कम 9,500. दहा टक्के टीडीएस कापून हातात 8,550 येतील. मुदत नव्वद दिवस. मागच्या तिमाहीतली दोन बिलं अजून यायची आहेत. त्यांची आठवण करून देणारे दोन मेल त्या लगेच पाठवून टाकतात.

सिनेमाच्या शेवटी परदेशातल्या सगळ्यांची नावं येतील, गाड्या चालवणाऱ्यांपासून जेवण पुरवणाऱ्यांपर्यंत. ती यायलाच हवीत. नेटफ्लिक्सवर हिंदीत डब झालेल्या सिनेमांना आवाज देणाऱ्यांची पाटीही असते. टीव्हीसाठी डब होणाऱ्या असल्या स्वस्त सिनेमांना ती बहुधा नसते. ती घातली पाहिजे. पाच सेकंद पुरतात, आणि त्यात रात्रभर पावलं भरणाऱ्या लातूरच्या मुलाचंही नाव बसतं.