आधी नमुना, मग थान : बिलाच्या प्रोग्रामची दुरुस्ती

ग्रे कापड रंगाईला धाडताना आपण रंगाचा नमुना सोबत देतो आणि माल परत आला की नमुन्याशी ताडून पाहतो. दुकानातील बिलाच्या संगणकीय प्रोग्रामलाही हाच नियम लागू आहे.

असे अनेक प्रोग्राम जावा भाषेत लिहिलेले असतात. पैशाची रक्कम पूर्ण रुपयात आणण्याची रीत सांगायला जुन्या जावात आकडे होते : ४ म्हणजे 'हाफ अप', ६ म्हणजे 'हाफ इव्हन'. २०१७ च्या जावा ९ पासून हे आकडे नापसंत ठरवून रीत नावानेच लिहावी, असे सांगण्यात आले. हजारो ओळी हाताने बदलणे कठीण. म्हणून ओपनरिराइटसारखी साधने वापरतात. ती प्रोग्रामचा मजकूरच बदलून देतात.

इथे धोका आहे. 'हाफ अप'ने ११२ रुपये ५० पैशांचे ११३ होतात, 'हाफ इव्हन'ने ११२. अदलाबदल झाली तर प्रोग्राम बंद पडत नाही; तो मुकाट्याने चुकीची बिले देत राहतो.

म्हणून बदल करण्याआधी चाचण्या लिहून ठेवतात. मजकूर बदलला की संगणक त्या आपोआप चालवतो.

पहिली चाचणी : जुना मजकूर आणि त्याचा अपेक्षित नवा मजकूर शेजारी ठेवायचा. ४ चे 'हाफ अप' व ६ चे 'हाफ इव्हन'च झाले पाहिजे. एका अक्षराचा फरक पडला तरी चाचणी नापास.

दुसरी चाचणी सर्वांत मोलाची : जे बदलू नये ते. 'चार नग' किंवा 'चार दशांश' यातला ४ तसाच राहिला पाहिजे. ओपनरिराइटमध्ये फक्त जुना मजकूर देऊन नवा दिला नाही, तर 'यात काहीही बदलू नये' असा त्याचा अर्थ होतो.

तिसरी चाचणी : तेच साधन पुन्हा फिरवावे. दुसऱ्या फेरीत काही बदलले तर काम कच्चे समजावे. रंगलेले थान कोणी पुन्हा हौदात घालत नाही.

या चाचण्या मजकूर तपासतात, रक्कम नव्हे. तेव्हा जुनी काही बिले नव्या प्रोग्रामवर काढून पैशापैशाने जुळवावीत. पन्नास पैशांवर संपणारी बिले जरूर घ्यावीत.

प्रोग्रामवाल्याला एवढेच विचारा : "काय बदलणार नाही, याची चाचणी लिहिली आहे का?" गिऱ्हाइकाचा हिशोब ही आपल्याकडची अमानत आहे. यंत्र चुकले तरी जबाबदारी दुकानदाराचीच राहते.