तीन दिवसांचे पुरळ

१६ फेब्रुवारी १९८० चा शनिवार माझ्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. खाली कर्नाटक-आंध्रच्या पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण होते, आमच्या चिखली तालुक्यात खंडग्रास. भर दुपारी ऊन मलूल झाले, गावाने दारे लावून घेतली. वहिनींना तिसरा महिना चालू होता. आईने त्यांना आतल्या खोलीत निजवले. हलायचे नाही, काही चिरायचे नाही, अशी ताकीद दिली आणि राखणीला मला बसवले. मी तेव्हा दहावीत होते. मध्येच थोरल्या दोन वर्षांच्या पोराने भुकेने रडून घर डोक्यावर घेतले, तेव्हा वहिनी उठल्या आणि त्यांनी विळीवर एक कांदा चिरला. मी पाहिले. बोलले मात्र काही नाही.

ऑगस्टअखेर गजू जन्मला. वजनाने अगदीच किरकोळ. महिन्याभरात त्याच्या डाव्या बाहुलीत पांढरे दिसू लागले. देऊळगावराजा, जालना करीत एस.टी.ने त्याला औरंगाबादला नेले. जन्मजात मोतीबिंदू, असे डॉक्टरांनी सांगितले. तो का झाला, हे काही कळले नाही. पुढच्या वर्षी दिवाळीत अंगणात लवंगी माळ लागली, सगळी पोरे दचकून घरात पळाली आणि गजू तिकडे पाठ करून मातीत खेळत राहिला. त्याला ऐकू येत नव्हते. त्या रात्री आईने मला विचारले, “ग्रहणात हिनं काही केलं होतं का गं?” आणि मी विळीची गोष्ट सांगून टाकली.

वहिनींना त्यानंतर कोणी मारले-झोडले नाही. आमचे घर तसे नव्हते. पण विळी घरात राहिली. कधी सासूच्या उसाश्यात, कधी शेजारणीच्या चौकशीत. वहिनी पुढे कुठल्याही ग्रहणाला दिवसभर अन्नपाणी घेत नसत.

मी शिक्षिका झाले. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या सगळ्या मुलामुलींना एक टोचणी. त्याआधी आमच्या जिल्हा परिषद शाळेत पालकसभा झाली. ‘या लसीने पुढे मूल होत नाही’ असा मजकूर मोबाईलवर फिरत होताच. एका पालकाने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. “धोका पोटुशा बाईला हाये म्हनता, मंग पोरीले टोचा. माह्या पोराले काहून?”

त्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी फार नीट दिले. रुबेला, म्हणजे ज्याला जर्मन गोवर म्हणत, हा मुलांना होतो तेव्हा आजार म्हणावा असे काही वाटतच नाही. थोडी कणकण, कानामागे व मानेत गाठी, चेहऱ्यापासून खाली उतरणारे फिके पुरळ. तीन दिवसांत खलास. कित्येकांना तेवढेही होत नाही. पण खोकण्या-शिंकण्यातून ते पोर हा विषाणू घरी आणते, पुरळ उठण्याच्या आठवडाभर आधीपासून. घरात कोणी नुकतीच दिवस गेलेली बाई असेल आणि तिला तो पूर्वी झालेला नसेल, तर तो तिच्या रक्तातून वारेत आणि वारेतून गर्भात शिरतो. पहिल्या तीन महिन्यांत डोळ्याचे भिंग, आतला कान, हृदय घडत असते. त्या काळात लागण झाली तर गर्भापर्यंत पोचण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. गर्भपात होतो, किंवा मूल मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष घेऊन येते.

मी मांडीवर हजेरीपट घेऊन ऐकत होते. मोतीबिंदू, बहिरेपण. डॉक्टर म्हणाले, लागणीपासून पुरळ उठेपर्यंत दोन ते तीन आठवडे जातात. मी मनाशी मागे मोजत गेले. १९८० च्या जानेवारीत आमच्या वर्गात पुष्कळ मुलींच्या अंगावर काहीतरी उठले होते. माझ्याही. आईने अंथरुणात कडुनिंबाचा पाला घातला होता, आणि माझे डोके विंचरायला बसायच्या त्या वहिनी!

हा संबंध जगात पहिल्यांदा जुळवला तो १९४१ मध्ये, सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन मॅकॲलिस्टर ग्रेग यांनी. मोतीबिंदू घेऊन जन्मलेली बाळे एकाएकी वाढलेली पाहून ते चक्रावले. त्यांच्या दवाखान्यात बसलेल्या आया आपसात बोलत होत्या की दिवस राहिले तेव्हा आम्हाला जर्मन गोवर झाला होता, आणि ते त्यांच्या कानावर पडले, असे सांगतात. त्यांनी नोंदवलेल्या ७८ बाळांपैकी ६८ जणांच्या आयांना तो झालेला होता. मला त्या डॉक्टरांचे कौतुक वाटते ते एवढ्यासाठी, की बायकांचे बोलणे त्यांनी बडबड समजून सोडून दिले नाही. पुढे १९६४-६५ च्या साथीत एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बाळे हा आघात घेऊन जन्मली. १९६९ मध्ये तिथे लस आली, आणि २०१५ मध्ये अमेरिकेची दोन्ही खंडे रुबेलामुक्त जाहीर झाली.

सभेनंतरच्या रविवारी मी माहेरी गेले. वहिनी तूर निवडत होत्या. विचारले, “वहिनी, गजूच्या वेळी अंगावर काही आलं होतं का?” त्यांनी सूप खाली ठेवले. “आलं व्हतं ना. गरानाच्या आठ दिस आंदी. बारीक बारीक. कानामांगं गाठी बी व्हत्या. तीन दिसांत गेलं, म्हून कोनाले सांगतलं नाही.” मग मी त्यांना सगळे सांगितले. पुरळ आधी मला आले होते हेही सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग एवढेच म्हणाल्या, “मंग त्या इळीनं नव्हतं झालं?”

अडतीस वर्षांनी कोणतीही तपासणी हे सिद्ध करू शकत नाही, असे डॉक्टरांनी मला बजावले होते. तेही मी त्यांना सांगितले. त्यांनी ते ऐकले की नाही, कोण जाणे.

आता बाळांना नवव्या महिन्यानंतर आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची लस मोफत मिळते. घोर आहे तो थोड्या मोठ्या मुलींचा. मोहिमेत पंधरापर्यंतच्याच घेतल्या, म्हणजे २००३ च्या आधी जन्मलेल्या बहुतेक सुटल्या. आणि सध्या लग्ने होताहेत त्यांचीच. “आमच्या पोरीला गोवराची लस दिलेली आहे,” असे आया सांगतात. खरे आहे, पण सरकारी दवाखान्यातल्या तेव्हाच्या त्या लसीत रुबेला नव्हता. काहींना तो लहानपणी होऊन गेला असेल. रक्ततपासणीत ते कळते, आणि तपासणी न करता लस घेतली तरी अपाय नाही. अट एकच, गर्भार असताना ती घ्यायची नाही, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. म्हणून ती लग्नाआधीच उरकावी. बस्त्याच्या यादीत आपण पैठणीपासून पानसुपारीपर्यंत सारे लिहितो, त्यात ही एक ओळ मावायला हरकत नसावी.

गजू गावात पिठाची गिरणी चालवतो. पट्ट्याच्या आवाजाचा त्याला त्रास नाही, असे तो हातवाऱ्यांनी सांगून स्वतःच हसतो. त्याच्या थोरल्या भावाच्या मुलीचे, २००१ च्या जन्माच्या आमच्या नातीचे, लग्न ठरले तेव्हा मी तिला घेऊन चिखलीला निघाले. वहिनी लुगडे सावरीत आधीच फाट्यावर येऊन उभ्या होत्या. सुई टोचली तेव्हा नातीने तोंड फिरवले. वहिनी मात्र शेवटपर्यंत त्या दंडाकडे बघत होत्या.