अवसरीची वाट आणि यात्रेचे ताट

पुणे-नाशिक रस्त्याने जाणारा प्रवासी मंचरला चहापुरता थांबतो आणि पुढे निघतो. जवळच अवसरी बुद्रुक व अवसरी खुर्द ही दोन गावे आहेत, हे त्याला पाटीवरूनच कळते. 'बुद्रुक' हे फारसी 'बुजुर्ग'चे रूप, म्हणजे थोरले. 'खुर्द' म्हणजे धाकटे. थोरल्या अवसरीचे नाव जुन्या काळी 'तर्फ' या महसुली विभागालाही होते. भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याच्या पत्त्यात 'पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक' असे लिहिले जाते, ते त्याचीच खूण.

शहराची खाद्यसंस्कृती हॉटेलांच्या पाट्यांवर वाचता येते. आंबेगाव-जुन्नरची खरी ओळख मात्र गावच्या यात्रेत होते. रब्बीचे पीक घरात आलेले असते, पावसाला अवकाश असतो. म्हणून बहुतेक यात्रा चैत्र-वैशाखात भरतात. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन यात्रेची सुपारी देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्यामुळे हे गाव महाराष्ट्रभर पोहोचले.

या यात्रांचा मुंबईशीही संबंध आहे. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी बहुतेकांची गावे जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ व मुळशी या तालुक्यांत आहेत. दरवर्षी चैत्राच्या सुमारास ते काही दिवस रजेवर जातात आणि कचेऱ्यांतील मंडळींना घरच्या डब्याची किंमत कळते. वर्षभर दुसऱ्यांच्या घरचे अन्न पोहोचवणारी ही माणसे त्या दिवसांत स्वतःच्या घरचे जेवायला जातात. पोटासाठी मुंबईला जाण्याची वाट इथे जुनीच. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे प्राण देणारे हुतात्मा बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे आणि मुंबईतील गिरणी कामगार.

पाहुण्याच्या ताटात मानाचा पदार्थ असतो मासवडी. नाव माशाचे, पदार्थ पूर्ण शाकाहारी! बेसन उकळत्या फोडणीच्या पाण्यात घट्ट शिजवायचे आणि ओल्या कापडावर गरम असतानाच पातळ थापायचे. त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे, लसूण, कांदा व कोथिंबीर यांचे सारण पसरून कापडाच्या आधाराने वळकटी करायची. ती दाबली की माशासारखा आकार येतो. मग वड्या कापायच्या. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. पीठ निवले की थापताना चिरते, त्यामुळे एकीने चुलीजवळ आणि दुसरीने कापडावर असे हे काम चालते. माणसांनी भरलेल्या घरातच ते निभते.

आता मासवडी रस्त्यावरच्या हॉटेलांत बाराही महिने मिळते. त्यामुळे चव टिकली आणि अनेकांना रोजगार मिळाला. पण घरात करणारे हात कमी झाले, तर हा पदार्थ यात्रेच्या घरातून उठून केवळ दरपत्रकावर उरेल. यात्रेच्या पंगतीला दर नसतो. ओळखीचा पाहुणाही तेथे पाहुणाच असतो.

तेव्हा या भागातील एखाद्या सहकाऱ्याने 'यात्रेला या' असे म्हटले, तर ते केवळ औपचारिक समजू नये. जरूर जावे, आणि भूक ठेवून जावे. 'पुरे' म्हटल्यावरही एक वडी ताटात पडणारच.