उंबरठा आणि पादत्राणे

आपल्याकडे पादत्राणे दाराबाहेर काढणे हा आदर. पाश्चात्त्य रीतीत बूट हा पोशाखाचाच भाग. हैदराबादेत निजामासमोर इंग्रज रेसिडेंटही जोडे काढून खाली बसत. १८६९ साली बाल महबूब अली खान गादीवर आले, तेव्हा रेसिडेंटने बूट न काढता खुर्ची घेतली. घराघरांत मात्र जुनी रीत टिकली. बाहेरची घाण बाहेरच राहते, हे आरोग्यदृष्ट्याही योग्यच. परंतु मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेलेल्या रुग्णाने घरातही अनवाणी चालू नये. टोचलेले कळत नाही, जखम चिघळते, प्रसंगी पाय गमवावा लागतो. अशांसाठी घरात वापरावयाची वेगळी, स्वच्छ, मऊ चप्पल ठेवावी. उंबरठ्याचा मानही राहील आणि पायही.